आग्नेयेचा कोपरा

तुमच्या घराची आग्नेय बाजू कोणती, हे तुम्हांला चटकन सांगता येईल का? पूर्व सांगता येईल, पश्चिम तर येईलच. पण पूर्व आणि दक्षिण यांच्या मधला तो कोपरा? मलाही वयाच्या सव्विसाव्या वर्षापर्यंत सांगता येत नव्हता. तो मला एका रेडिओमुळे कळला.

मी मालेगावचा. आमच्या मोहल्ल्यात दिवसरात्र यंत्रमाग चालतात. त्यांना आम्ही 'लूम' म्हणतो. बाहेरगावचा पाहुणा आला, की त्याला पहिल्या रात्री त्या खटाखटीने झोप येत नाही. आम्ही दुसऱ्या गावी गेलो, की आम्हांला शांततेमुळे झोप येत नाही. शुक्रवारी लूमला सुट्टी असते. त्या दिवशी सकाळी जाग येते ती आवाजाने नव्हे, आवाज नसल्यामुळे.

माझ्या अब्बांनी ३२ वर्षे लूमच्या कारखान्यात काढली. शेवटची वीस वर्षे ते जॉबर होते. जॉबर म्हणजे बिघडलेला माग चालू करून देणारा माणूस. धोटा कुठे अडतो आहे, पट्टा कुठे घसरतो आहे, हे ते मागावर नुसता हात ठेवून सांगत. कानाने सांगत नसत, कारण कान केव्हाच थकले होते. कारखान्यात माणसे ओठांकडे पाहून बोलणे समजून घेतात. अब्बांना ती सवय होती. म्हणून त्यांना कमी ऐकू येते, हे घरात आम्हांलाच पुष्कळ उशिरा कळले. डॉक्टरांनी सांगितले, की मोठ्या आवाजात वर्षानुवर्षे राहिल्याने बारीक, तीक्ष्ण आवाज आधी जातात. 'स', 'श', 'त', 'फ' असे उच्चार निसटतात. माणूस बोलतो आहे हे कळते, पण काय बोलतो आहे ते कळत नाही.

अब्बांना एकच शौक होता, रेडिओचा. त्यांच्याकडे जुना शॉर्टवेव्हचा संच होता. रात्री जेवण झाले, की ते तो कानाशी धरून गझला आणि बातम्या ऐकत. आता या शॉर्टवेव्हची एक खोड तुम्हांला सांगितली पाहिजे. तिच्या लहरी जमिनीवरून निघून वर जातात, शेकडो किलोमीटर उंचीवर असलेल्या आयनांबर नावाच्या थरावरून परततात आणि दूरच्या गावी खाली येतात. तो थर काही पक्क्या छतासारखा नसतो. दिवसा एक रूप, रात्री दुसरे. म्हणून आवाज भरतीसारखा वर येतो, ओहोटीसारखा खाली जातो, आणि मध्ये सतत खरखर चालू राहते. चांगल्या कानांना त्या खरखरीतून शब्द वेचता येतात. अब्बांना ते जमेना.

सुरुवातीला ते मला विचारत, "काय म्हणाला तो?" मी सांगत असे. कधी अभ्यासात असलो तर चिडून सांगत असे. पुढे त्यांनी विचारणे सोडून दिले. संच मात्र कानाशी धरून बसत. ते ऐकत नव्हते, नुसते बसत होते, हे मला दिसत होते आणि मी काही बोलत नव्हतो.

२००६ साली मी नोकरीला लागून वर्ष झाले होते. त्या सुमारास उपग्रह रेडिओची माहिती माझ्या वाचनात आली. इथिओपियात जन्मलेल्या नोआ समारा यांनी १९९० साली वर्ल्डस्पेस नावाची कंपनी काढली होती. आफ्रिका आणि आशिया खंडांत जिथे रेडिओचे मनोरे पोहोचत नाहीत, तिथे थेट आकाशातून आवाज पोहोचवायचा, अशी ती कल्पना. आफ्रिकेसाठी 'आफ्रिस्टार' हा उपग्रह १९९८ साली सोडला गेला. आपल्या बाजूचा 'एशियास्टार' मार्च २००० मध्ये दक्षिण अमेरिकेतील फ्रेंच गयानामधून एरियन-५ अग्निबाणाने वर गेला. गंमत अशी, की त्याच अग्निबाणात आपल्या भारताचा 'इन्सॅट-३बी' हा उपग्रहही होता. दोघे एकाच गाडीने गेले आणि आपापल्या ठिकाणी उतरले, असे म्हणा ना!

एशियास्टारचे ठिकाण म्हणजे विषुववृत्ताच्या वर, १०५ अंश पूर्व रेखांशावर, सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर. त्या उंचीवरच्या उपग्रहाला पृथ्वीभोवती एक फेरी घालायला पृथ्वीच्या स्वतःभोवतीच्या फेरीइतकाच वेळ लागतो. त्यामुळे तो आपल्याला एकाच जागी थांबलेला वाटतो. आर्थर क्लार्क या इंग्रज लेखकाने अशा उपग्रहांवरून संदेश पाठवण्याची कल्पना १९४५ सालीच लिहून ठेवली होती. क्लार्क पुढे श्रीलंकेत येऊन राहिले.

मला या सगळ्यात एकच गोष्ट महत्त्वाची वाटली. या रेडिओत खरखर नसते, असे त्या लेखात म्हटले होते. मी नाशिकला गेलो आणि एका दुकानातून संच घेऊन आलो.

तो गुरुवार होता. रात्रभर डबा टेबलावर होता आणि अब्बा त्याच्याकडे पाहून न पाहिल्यासारखे करत होते. "किती पैसे घालवलेस?" एवढेच त्यांनी विचारले. मी थोडी कमी रक्कम सांगितली. अम्मीने ती लगेच ओळखली.

शुक्रवारी सकाळी लूम बंद होत्या. मी संच बाहेर काढला. दोन हातांत मावेल एवढा. त्यात साधा रेडिओही होता आणि उपग्रहाचाही. वीज नसेल तर सेल घालता येत. वर तळहाताएवढी चपटी, चौकोनी पाटी होती. तीच अँटेना. ती काढून तारेने लांब ठेवता येई. दुकानदाराने सांगितले होते, "ठेवा आणि ऐका." मी संच अब्बांच्या खाटेजवळ ठेवला, बटण दाबले, आणि आम्ही तिघे ऐकू लागलो. काहीच नाही. खरखरही नाही! जुना रेडिओ निदान नाराजी तरी बोलून दाखवत असे. हा नुसता गप्प.

माहितीपुस्तिका इंग्रजीत होती. ती मी या वेळी नीट वाचली. तुम्हीही कोणतेही यंत्र आणले तर आधी वाचा, कारण माझा सबंध एक तास वाया गेला. पुस्तिकेत दोन गोष्टी होत्या. पहिली, अँटेना आणि उपग्रह यांच्यामध्ये काही येता कामा नये. भिंत नको, दाट झाड नको, आणि पत्र्याचे छप्पर तर मुळीच नको. आमच्या घराला छप्पर पत्र्याचेच. दुसरी गोष्ट म्हणजे दिशा. आमच्या गावाहून एशियास्टार आग्नेयेला, क्षितिज आणि डोक्यावरचे आकाश यांच्या साधारण मधोमध होता.

मी खिडकीत गेलो. खिडकी उत्तरेला. दाराशी आलो. दारातून समोरच्या घराचा नवा मजला दिसत होता आणि त्याच्यावर टाकीच्या आकाराएवढे आकाश. शेवटी शिडी लावून पत्र्यावर चढलो. पाटी हातात धरून हळूहळू फिरवू लागलो. संच काखेत होता. त्याच्या पडद्यावर पट्ट्या उमटायला हव्या होत्या. एक पट्टी आली, गेली. पाटी जराशी वर उचलली. दोन आल्या. आणखी किंचित उजवीकडे, आणि एकदम गाणे सुरू झाले! मागे खरखर नाही, शिट्टी नाही. जणू कोणी शेजारी बसून गात होते. मी पत्र्यावर उभ्याउभ्याच ओरडलो. खाली अंगणात अब्बा बसले होते. त्यांना माझे ओरडणे ऐकू आले नाही, पण माझे दात दिसले असावेत.

ते माझ्याकडे पाहत होते, म्हणजे नेमके पाटीकडे पाहत होते. मग हात डोळ्यांवर धरून त्यांनी सूर्याकडे बोट दाखवले आणि म्हणाले, "तू पाटी सूर्याकडेच धरली आहेस!"

खरेच तसे होते. मार्चचा दुसरा आठवडा, सकाळचे सव्वादहा-साडेदहा. ऊन पाटीवर सरळ पडत होते. पुढे मी हिशेब करून पाहिला. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑक्टोबरच्या अगदी सुरुवातीला सकाळी दहा ते साडेदहाच्या दरम्यान, आमच्या गावाहून सूर्य जवळजवळ त्याच ठिकाणी दिसतो, जिथे तो उपग्रह होता. उपग्रह दिसत नाही. सूर्य दिसतो. वर्षातून दोनदा काही दिवस सूर्य त्याच्या जागेवर येऊन उभा राहतो आणि बोट दाखवतो. हे पुस्तिकेत नव्हते. हे जॉबरच्या डोळ्यांनी शोधले होते.

पण अडचण संपली नव्हती. अब्बांचे गुडघे शिडी चढण्यासारखे नव्हते. संचासोबत आलेली तार पत्र्यावरून खाटेपर्यंत पुरत नव्हती. दुसरी लांब तार जोडून पाहिली, तर पट्ट्याच गेल्या. तार लांबली की आधीच क्षीण असलेला संकेत वाटेतच संपतो. मी निराश होऊन बसलो. अब्बा मात्र आता रंगात आले होते. ते म्हणाले, "आत्ता या वेळी गल्लीत ऊन कुठे कुठे पडलं आहे, ते बघून ये. जिथे हे ऊन पोहोचतं, तिथे तुझा रेडिओ वाजेल."

मी गल्ली पाहून आलो. आमच्या बाजूला सगळी सावली होती. ऊन होते ते फक्त गल्लीच्या तोंडाशी, शिंपीकाकांच्या ओट्यावर. त्यांच्यासमोर चौक असल्याने आग्नेयेचा कोपरा पूर्ण मोकळा होता.

हे ऐकून अब्बा गप्प झाले. "राहू दे," म्हणाले, आणि खाटेवर जाऊन आडवे झाले.

त्याचे कारण आम्हांला ठाऊक होते. शिंपीकाका आणि अब्बा पूर्वी रोज एकत्र चहा पीत. चार वर्षांपूर्वी एका लग्नात काकांनी त्यांना मागून दोनदा हाक मारली होती, आणि अब्बा न थांबता निघून गेले होते. काकांना तो अपमान वाटला. तेव्हापासून समोरासमोर आले तर मान हलवायची, एवढाच संबंध उरला होता. अब्बांना ती हाक ऐकूच आली नव्हती. पण 'मला ऐकू येत नाही' हे सांगणे त्यांना दोस्ती तुटण्यापेक्षा जड गेले.

मी त्यांना न विचारता काकांकडे गेलो. ते शिलाई यंत्रावर वाकले होते. मी म्हणालो, "काका, अब्बांना हल्ली नीट ऐकू येत नाही. पुष्कळ वर्षांपासून येत नाही." त्यांनी पाय थांबवला. यंत्राचे चाक थोडे फिरून थांबले. "किती वर्षांपासून?" त्यांनी विचारले. मी सांगितले. त्यांनी मनातल्या मनात हिशेब केलेला मला दिसला. मग ते म्हणाले, "आणि तू हे मला आज सांगतोस, पोरा?" मला उत्तर देता आले नाही. मी रेडिओचे सांगितले. ते उठले, ओट्यावरची कापडांची गाठोडी आत टाकली आणि खुर्ची मांडली.

अब्बांना आणायला मात्र मला पुन्हा अर्धा तास लागला. ते आले, ओट्याची पायरी चढले. काका अगदी त्यांच्या समोर जाऊन उभे राहिले, ओठ दिसतील असे, आणि मोठ्याने म्हणाले, "भाई, बसा." त्या लग्नाविषयी दोघांपैकी कोणीही काही बोलले नाही. नंतरही बोलल्याचे मला माहीत नाही.

पाटी ओट्याच्या खांबाला बांधली. संच अब्बांच्या हातात दिला आणि कानांवर हेडफोन चढवले. वर्षाची वर्गणी भरली, की काही वेळ संच चालू ठेवायचा. मग आकाशातूनच त्याचे कुलूप उघडे आणि सगळ्या वाहिन्या मिळत. हिंदुस्तानी शास्त्रीय संगीताची 'गांधर्व' होती, जुन्या हिंदी गाण्यांची 'फरिश्ता' होती, आणि उर्दू गझलांची होती 'फलक'. तुम्ही उर्दू माध्यमाचे विद्यार्थी, म्हणून तुम्हांला या शब्दाची मौज कळेल. उर्दूत फलक म्हणजे आकाश. मराठीत फलक म्हणजे पाटी, जसा शाळेतला सूचना फलक. आमच्याकडे दोन्ही होते. खांबाला मराठी फलक, त्याच्यासमोर उर्दू फलक.

अब्बा ऐकत होते. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. दोन मिनिटे गेली. मग त्यांचे ओठ हलू लागले. गाणाऱ्यापेक्षा किंचित मागून ते शब्द म्हणत होते. अंदाजाने नव्हे. शब्दच.

सगळे ठीक झाले असे मी सांगणार नाही. नवा रेडिओ नवे कान देत नाही. 'स' आणि 'श' त्यांना तरीही निसटत, आणि बातम्या भरभर वाचल्या गेल्या तर ते वैतागत. पण खरखर गेल्यामुळे जेवढे ऐकू येण्यासारखे होते, तेवढे त्यांना मिळू लागले. एकदा त्यांनीच मला विचारले, की खरखर जाते कुठे? मी सांगितले, की आवाज आकड्यांमध्ये बदलून पाठवतात, एक आणि शून्य. संचाला आकडे नीट मिळाले तर आवाज पूर्ण बनतो. पुरेसे मिळाले नाहीत तर तो गप्प बसतो. ते म्हणाले, "म्हणजे जकार्डच्या पुठ्ठ्यासारखं. भोक आहे किंवा नाही. अर्धं भोक नसतं." जकार्डच्या मागावर भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांवरून कापडात नक्षी उतरते. इतके सोपे उदाहरण मला सुचले नसते.

त्या वर्षी आमच्याकडे भारनियमन फार होते. वीज गेली, की गल्लीतल्या लूम एकापाठोपाठ एक थांबत. लोक पंख्यासाठी आणि धंद्यासाठी हळहळत. अब्बा मात्र टोपी घालून काकांच्या ओट्याकडे निघत. संचात सेल होते आणि उपग्रहाला आमच्या विजेशी कर्तव्य नव्हते. काका कंदिलाच्या उजेडात काज-बटण करत. हेडफोन काढून ठेवला, की लहान मुलेही ओट्यावर जमत. एका मुलाने विचारले, "चाचा, हा माणूस आत्ता बोलतो आहे का?" मी त्याला सांगितले, की आवाज वर जाऊन खाली यायला सुमारे पाव सेकंद लागतो. अब्बा म्हणाले, "पाव सेकंद तर काहीच नाही. आमच्याकडे एक हाक पोहोचायला चार वर्षं लागली." काका सुईत दोरा ओवत होते. ते ओवतच राहिले.

असे जवळजवळ चार वर्षे चालले. दरवर्षी मार्चमध्ये अब्बा एकदा सकाळी ओट्यावर येऊन पाटीवर ऊन सरळ पडते का ते पाहत, आणि खांबाची दोरी घट्ट करत.

२००८ साली अमेरिकेतील मूळ कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि ३१ डिसेंबर २००९ हा भारतातील या सेवेचा शेवटचा दिवस ठरला. वर्तमानपत्रात बातमी आली होती. मी ती अब्बांना वाचून दाखवली, त्यांनी स्वतःही वाचली. त्या रात्री ते नेहमीपेक्षा उशिरा परतले. दुसऱ्या दिवशी पडद्यावर एकही पट्टी नव्हती. ओट्यावर जाणे मात्र त्यांनी सोडले नाही. संच घरी राहू लागला, ते जात राहिले.

तुम्ही आज गच्चीवर गेलात, तर टीव्हीच्या डिश दिसतील. त्यांची तोंडे पाहा. आपल्याकडे बहुतेक डिश दक्षिण आणि आग्नेय यांच्या दरम्यान पाहत असतात. अब्बांच्या पाटीचीच ती भावंडे. कोणत्या घराला तो कोपरा मोकळा नाही आणि कोणी दुसऱ्याच्या भिंतीवर डिश लावली आहे, तेही पाहा.

पाटी खांबालाच होती, कारण ती काढायची आठवण कोणालाच झाली नाही. २०१० च्या मार्चमध्ये एका शुक्रवारी सकाळी मी कामासाठी चौकातून जात होतो. अब्बा ओट्यावर उभे होते. साडेदहा वाजायला आले होते. त्यांनी पाटीच्या कडेला बोट धरून त्याची सावली पाहिली, दोरी ओढून बघितली, आणि काकांकडे वळून म्हणाले, "जागेवरच आहे."

काकांनी त्यांच्यासमोर येऊन, ओठ दिसतील असे विचारले, "चहा सांगू?"